गचके गाडीचे, आणि बोट म्हाताऱ्याकडे



आज जरा भांडायचं आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ज्यांना गाड्यांच्या विषयाचा कंटाळा आहे त्यांना पुढच्या लेखाची वाट बघता येईल. आमच्या घरच्या मंडळींनी मात्र हा शेवटपर्यंत वाचावा, विशेषतः पुण्याच्या चिरंजीवांनी. का, ते कळेलच.

"दोष आढळला नाही" आणि "दोष नाही" ही दोन वाक्यं एकच का? मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकला असता तर मागच्या बाकावरच्या मुलानेही सांगितलं असतं, की पहिल्या वाक्यात शोधणारा कुणीतरी आहे आणि तो कमी पडलेला असू शकतो. दुसऱ्या वाक्यात शोधणारा गायब, थेट निकालच. पण गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ही दोन वाक्यं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. कॉम्प्युटर लावला, कोड आला नाही, म्हणजे दोष नाही. दोष नाही म्हणजे तक्रारीत अर्थ नाही. आणि तक्रारीत अर्थ नाही म्हणजे तक्रार करणाऱ्यातच काहीतरी गडबड आहे! असं तर्कट आमच्या वेळी वादविवाद स्पर्धेतसुद्धा चाललं नसतं.

विषय आहे ऑटोमॅटिक गाडी हळू चालताना खाते त्या गचक्यांचा. गाडी सिग्नलवरून निघते, दहा-वीसच्या वेगात असते, आणि पुढे सरकण्याऐवजी मान हलवल्यासारखी मागेपुढे होते. एकदा वेग धरला की सगळं ठीक. हा अनुभव अनेकांना आहे. पेणमध्येच मला चार जण भेटले. चौघांनाही वेगवेगळ्या ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं: "ऑटोमॅटिक आहे ना, असंच असतं."

आता या "ऑटोमॅटिक" शब्दाकडेच बघा. भाषेच्या मास्तराला पहिला राग इथे येतो. एकाच शब्दाखाली चार निरनिराळी यंत्रं विकली जातात. पहिलं, जुनं खानदानी टॉर्क कन्व्हर्टरचं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो, तसे यात दोन पंखे तेलात समोरासमोर असतात. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेलाची गादी असते म्हणा ना. दुसरं सीव्हीटी. त्यात पायऱ्यांचे गिअरच नाहीत, पट्टा लहानमोठ्या होणाऱ्या पुल्यांवर सरकतो. पुण्याच्या कायनेटिकवाल्यांनी १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आणली आणि आपल्या बायकामुली बिनगिअरची स्कूटर चालवू लागल्या, ती याच तत्त्वावर. तिसरं डीसीटी, म्हणजे दोन क्लचवालं, एक क्लच विषम गिअरांना आणि दुसरा समांना. आणि चौथं एएमटी. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने सेलेरिओत ते दिलं, आणि त्यानंतर आपल्याकडच्या मध्यमवर्गाची ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक वेळा हेच. यात गिअरबॉक्स साधा, हाताने बदलायचा असतो तोच. क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी कॉम्प्युटरच्या हुकुमावर चालणारी यंत्रणा बसवलेली असते. स्वस्त पडतं, मायलेज चांगलं मिळतं. मध्ये तेलाची गादी मात्र नाही.

या चौघांचे आजार वेगळे, औषधं वेगळी. कन्व्हर्टरवाल्याचं तेल जुनं झालं तर गाडी थरथरते, तेल बदललं की बरेचदा बरी होते. हा उपाय ऐकून माझ्या ओळखीच्या एकाने आपल्या एएमटीत "ऑटोमॅटिकचं ऑइल" बदलून मागितलं. एएमटीत साध्या गिअरबॉक्सचं साधं तेल असतं, त्याचा त्या थरथरीशी काय संबंध? पैसे गेले, गचके राहिले. शोरूममध्ये विकताना चौघांना एक नाव दिलं की बिघडल्यावरही चौघांना एकच उत्तर देता येतं, ही त्यातली सोय.

आणि खरं सांगायचं तर "असंच असतं" हे उत्तर पूर्ण खोटंही नाही. म्हणूनच ते घातक आहे. एएमटीत गिअर बदलताना कॉम्प्युटर क्षणभर रेस काढतो, क्लच सोडवतो, गिअर टाकतो, क्लच परत जोडतो. त्या क्षणात गाडीला ओढ नसते आणि आपली मान किंचित पुढे जाते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हे जास्त जाणवतं. तो त्या यंत्राचा स्वभाव आहे. स्वभावाला औषध नाही, मान्य. पण गिअर बदलतच नसताना, समोरच्या पट्टीवर दुसरा गिअर दिसतोय आणि तो तसाच आहे, पाय स्थिर आहे, रस्ता सपाट आहे, आणि तरी गाडी हिसके देते, तर तो स्वभाव कसा? तो आजारच. स्वभाव आणि आजार यांत फरक करणं म्हणजे निदान. "असंच असतं" म्हणणारा माणूस निदान करत नाही, निदान टाळतो.

आता माझं प्रकरण सांगतो. गाडी कुठल्या कंपनीची आणि सर्व्हिस सेंटर कुठलं ते लिहीत नाही, कारण मला एकाची बदनामी करायची नाहीये. मी चौकशी केली तेवढ्या बऱ्याच ठिकाणी हीच रीत दिसली.

माझा डावा गुडघा गेली सहा वर्षं कुरकुरतो, म्हणून क्लच नसलेली गाडी घेतली. लहान, तीन सिलिंडरची, एएमटी. आमच्या अक्का (मोठी बहीण, वय ८३) रोह्याला असतात, अंथरुणाला खिळलेल्या. आठवड्यातून दोनदा मी आणि सौ. पेणहून रोह्याला जातो. वडखळ, गडब, कासू, आमटेम, नागोठणे, आणि पुढे भिसे खिंड चढून उतरून रोहा. एसटी आहे, पण वडखळच्या गर्दीत उभं राहून पुन्हा नागोठण्याला बदलायचं, हे सौ.ला आता होत नाही. तेव्हा गाडी म्हणजे आमची चैन नव्हे. गाडी बंद झाली तर अक्कांच्या उशाशी बसणारं कुणी उरत नाही.

२०२५ च्या जुलैत गचके सुरू झाले. पाऊस पडत असला, सकाळची वेळ असली की जास्त. एकदा वडखळ नाक्यावर महामार्ग ओलांडताना गाडीने मध्येच मान टाकली. डावीकडून ट्रेलर येत होता. लांब होता, काही झालं नाही, पण सौ.ने माझा दंड धरला तो नागोठण्यापर्यंत सोडला नाही.

सर्व्हिस सेंटरची पहिली फेरी. कॉम्प्युटर लावला, "दोष आढळला नाही". दुसरी फेरी. क्लचची शिकवणी (म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायचं) घेतली, बिल लावलं. फरक शून्य. तिसऱ्या फेरीत सांगितलं की क्लचचा पूर्ण संच बदलावा लागेल, अंदाजे बेचाळीस हजार. मी विचारलं, क्लच गेलाय हे कशावरून? तर म्हणाले, "सर, बदलून बघू." बदलून बघू! बेचाळीस हजारांची "बघू"!

यापुढचं जास्त लागलं. मी विचार करून सांगतो म्हटल्यावर तिथल्या अ‍ॅडव्हायझरने परस्पर आमच्या चिरंजीवांना फोन केला (बुकिंगला त्यांचा नंबर होता) आणि सांगितलं, "काकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर स्थिर राहत नाही, वयामुळे होतं." त्या रात्री चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, आता गाडी चालवणं थांबवा. आपण ती विकून टाकू." प्रेमाने म्हणाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुरावा काय होता? एका माणसाने दुपारी, कोरड्या रस्त्यावर, इंजिन तापलेलं असताना एक किलोमीटर गाडी फिरवली, त्याला गचका बसला नाही. सकाळी पावसात गार इंजिनाला होणारा आजार दुपारी उन्हात बघायचा, आणि दिसला नाही की रोग्यालाच खोटं पाडायचं? उद्या एखादा मुलगा सकाळी तापाने फणफणला आणि संध्याकाळी उतरला, तर तो शाळा चुकवायला ढोंग करत होता असं म्हणाल का?

बरं, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फोर्ड कंपनीने फिएस्टा, फोकस, इकोस्पोर्ट या गाड्यांत पॉवरशिफ्ट नावाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स दिला होता. ऑस्ट्रेलियात लोकांनी तक्रारी केल्या की गाडी हळू वेगात थरथरते, गचके देते. त्यांना कंपनीकडून वारंवार काय ऐकवलं गेलं? तुमची गाडी चालवण्याची पद्धत चुकीची आहे! तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण कोर्टात नेलं. २०१५ च्या मेपासून २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंतच्या सुमारे साडेदहा हजार तक्रारी कंपनीने अन्यायकारक रीतीने हाताळल्या, हे कंपनीनेच कबूल केलं, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टाने एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गिअरबॉक्सच्या दोषाची कल्पना असूनही चालकावर बोट दाखवलं, हा आक्षेपाचा मोठा भाग होता. तेव्हा "तुमचा पाय" हे उत्तर साता समुद्रापलीकडून आलेलं आहे. पेणला ते उशिरा पोचलं इतकंच.

मग गाडीचं काय झालं? ते सांगायलाच हवं, नाहीतर मी नुसताच तक्रारखोर ठरेन.

मी एक वही केली. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, वेग, पट्टीवरचा गिअर, चढ की सपाटी. सौ. शेजारी बसून लिहायची. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. गचके गार इंजिनाला जास्त, ओल्या हवेत जास्त, एसी लावला की जास्त, भिसे खिंडीच्या चढाला सर्वांत जास्त. आणि मुख्य म्हणजे, गाडी हाताच्या मोडवर टाकून दुसऱ्याच गिअरला धरून ठेवली तरी गचके येतच होते. गिअर बदलत नाही, क्लच पूर्ण जोडलेला आहे, आरपीएमचा काटा वेगाला सोडून वर पळत नाही. क्लच घसरत असता तर काटा वर गेला असता आणि गाडी मागे राहिली असती. इथे काटा क्षणभर खाली बसत होता. म्हणजे ओढच तुटत होती. इतकं समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, बी.ए. पुरतं.

ती वही मी रोह्याच्या एका तरुण मिस्त्रीला दाखवली. त्याने ती वाचली. हो, वाचली! उभ्याने, पाचेक मिनिटं. मग विचारलं, "सर, ट्रायल सकाळी मारू या का? रात्रभर गाडी बाहेर उभी ठेवा."

रात्री अक्कांकडे मुक्काम केला, गाडी पावसात उभी. सकाळी तो आला, त्याचा लहानसा स्कॅनर लावला आणि शेजारी बसला. "तुम्हीच चालवा सर, नेहमीसारखी." चढाला गचके आले तसे त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोड नव्हताच. पण कोणता सिलिंडर किती वेळा चुकला याची मोजणी आत असते, ती त्याने उघडली होती. एक आणि तीन शून्यावर. दोन नंबर वाढतोय.

मी म्हटलं, "अरे, मग दिवा का लागत नाही?" त्याचं उत्तर मला फार आवडलं. ही सगळी ओबीडी यंत्रणा मुळात धुरासाठी आहे. अमेरिकेत ती १९९६ पासून सक्तीची झाली आणि नंतर आपल्याकडे आली, ती हवा फार खराब होऊ नये म्हणून. इंजिन थोडं चुकलं तर कॉम्प्युटर मोजत राहतो. ठराविक फेऱ्यांत ठराविक प्रमाणाच्या वर चुका झाल्या, आणि सहसा लागोपाठ दोन प्रवासांत झाल्या, तरच दिवा लावतो. चढावर वीस-पंचवीस वेळा चुकून पुढे सपाटीवर सरळ चालणारं इंजिन त्याच्या हिशेबात पास. त्यातून चुका ओळखतो तो इंजिनाचा मुख्य दांडा फिरताना किती अडखळतो त्यावरून, आणि रस्ता खडबडीत असला की चाकांकडूनही तसेच धक्के येतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत खराब रस्त्यावर ही मोजणी तात्पुरती थांबवण्याची सोय असते. आमचा मुंबई-गोवा महामार्ग! पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनच्या खड्ड्यांची कथा मी नव्याने सांगायला नको. कॉम्प्युटरही म्हणत असेल, बाबांनो, यात इंजिन कुठलं आणि खड्डा कुठला ते मला कळेना :-)

मग त्याने जे केलं ते मी वर्गात शिकवलं असतं. दोन नंबरची इग्निशन कॉईल काढून तीनवर लावली आणि तीनची दोनवर. नवा भाग एकही नाही, खर्च शून्य. पुन्हा चढाला नेली. आता दोन नंबर गप्प आणि तीन नंबर चुकायला लागला! आजार कॉईलबरोबर चालत गेला. याला गणितात ताळा म्हणतात. कॉईल काढून बघितली तर तिच्या खालच्या रबरी टोपीला केसाएवढी चीर होती आणि तिथे पांढुरका डाग पडला होता.

गचके हळू वेगातच का, याचंही कोडं तिथे सुटलं. कमी फेऱ्यांवर असताना रेस दाबली की सिलिंडरमध्ये मिश्रण दाटून भरतं. दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त दाबाची वीज लागते. रबर धड असेल तर ती प्लगच्या टोकापर्यंत जाते. रबर चिरलेलं आणि हवा ओली असेल तर ती सोपी वाट धरते आणि बाजूच्या लोखंडात पळते. ठिणगी नाही, स्फोट नाही, गचका. गाडी गॅरेजात नुसती उभी असताना मिश्रण विरळ असतं, तेव्हा अर्धमेली कॉईलही काम भागवते. सर्व्हिस सेंटरने तीनही वेळा गाडी उभी करूनच कॉम्प्युटर लावला होता!

आणि गिअरबॉक्सवर सगळ्यांचा संशय का जातो, तेही उघड आहे. इंजिन तीनच सिलिंडरचं, त्यातला एक चुकला म्हणजे तिसरा हिस्सा ओढ गेली. कन्व्हर्टरची गाडी असती तर तेलाच्या गादीने बराच धक्का गिळला असता. एएमटीत इंजिन आणि चाकं थेट जोडलेली, त्यामुळे इंजिनाची उचकी जशीच्या तशी पाठीला लागते. उचकी इंजिनाची, नाव गिअरबॉक्सचं, आणि दोष म्हाताऱ्याच्या पायाचा. वा रे न्याय!

एक नवी कॉईल आणि तीन प्लग, मजुरीसह तीन हजार चारशे रुपये झाले. गिअर बदलतानाची किंचित डुलकी अजून आहे, ती राहणार. हिसके गेले. पुढचा सगळा पावसाळा याच गाडीने काढला.

आता काहीजण म्हणतील, मास्तर, हे सगळं नव्या पेट्रोलमुळे होतं, इथेनॉलमुळे. आमच्या कट्ट्यावरही हेच ठरलं होतं. इथेनॉलबद्दल माझीही तक्रार आहे. २० टक्के मिश्रणाने, जुन्या इंधनासाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल, हा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे, तेव्हा ती ओरड खोटी नव्हे. पण टाकी एक, पेट्रोल एक. दोष पेट्रोलचा असता तर तिन्ही सिलिंडरांना बाधला असता. एकाच पंगतीत जेवलेल्या तिघांपैकी एकाचंच पोट बिघडलं तर आपण आधी स्वयंपाक्याला शिव्या देत नाही, त्या एकाची चौकशी करतो. कट्ट्यावरचं "पेट्रोल खराब" आणि सर्व्हिस सेंटरचं "असंच असतं" ही सख्खी भावंडं आहेत. दोघांनाही तपासायचा कंटाळा.

जुन्या मिस्त्रींचे गोडवेही मी गाणार नाही. आमच्या तरुणपणी गाडीला काहीही होवो, "कार्बोरेटर साफ करू" हे ठरलेलं उत्तर होतं आणि त्यातही पैसे जायचे. आणि प्रत्येकाच्या गाडीला कॉईलच गेली असेल असंही समजू नका. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसतं ते फाटलं तर निघताना धप्प असा एकच धक्का बसतो. थ्रॉटल बॉडीत काजळी साठली तर पाय किंचित ठेवताच गाडी आधी अडते, मग उडी मारते. आपल्या कोकणात उंदीर वायरी कुरतडतात तो वेगळाच छळ. बॅटरी म्हातारी झाली तर एएमटीचे हातपाय हलवणारी यंत्रणाही मंदावते. आणि क्लच खरोखरच झिजलेला असू शकतो, विशेषतः चढावर ब्रेक न दाबता नुसत्या रेसवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर. गणपतीत रांगेत इंचाइंचाने सरकवली तरी क्लच तापतो. या प्रत्येकाची वेळ वेगळी, आवाज वेगळा, लक्षण वेगळं. म्हणून तर "केव्हा होतं?" हा पहिला प्रश्न. तो तीन फेऱ्यांत मला एकाही माणसाने विचारला नाही.

का विचारला नाही? तिथली मुलं मूर्ख नाहीत. त्यांच्यातली काही माझ्याच हाताखालून गेलेली असतील. पण दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या, बिल इतकं व्हायलाच हवं, हे वरून ठरलेलं. विचार करायला लागणाऱ्या तासाचं बिल फाडायची पद्धत नाही, भाग बदलल्याचं बिल मात्र फाडता येतं. मग भाग बदलले जातात. आणि यात आपणही कमी नाही हो. मिस्त्रीने तासभर गाडी फिरवून नुसतं "हे बिघडलंय" सांगितलं आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, "केलं काय तू? नुसतं बघितलंस!" डॉक्टरला नाडी बघण्याचे पैसे देतो, मिस्त्रीला देत नाही. रोह्याच्या त्या मुलाने दोन सकाळी दिल्या आणि बिलात त्याचे पैसे लावलेच नव्हते. मी वेगळे दिले. तो घेत नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं कंपन्यांना असं, की चालकाच्या तोंडच्या हकिगतीला कोडइतकीच किंमत द्या. जॉबकार्डावर "पिकअप प्रॉब्लेम" अशी दोन शब्दांची बोळवण करू नका. महागडा भाग बदलण्याआधी तोच भाग दोषी आहे हे कुठल्या चाचणीने ठरवलं ते कागदावर लिहून द्या. आणि ज्या स्थितीत गचका बसतो त्याच स्थितीत, मालकाला शेजारी बसवून गाडी चालवून बघा. यात कुठलं नवं तंत्रज्ञान लागतंय?

आपल्याकडच्या मंडळींना सांगणं असं, की तोंडी भांडू नका, लिहा. मराठीत लिहा, चालतं. तारीख-वेळेसह तक्रार जॉबकार्डावर उतरवून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. जुना भाग परत मागा. गचके येतात तेव्हा शेजारच्याला आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ घ्यायला सांगा (चालवणाऱ्याने नव्हे!). २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला अलिबागला. वस्तूतला दोष नुसता बघून ठरत नसेल तर ती प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मी अजून आयोगाकडे गेलेलो नाही. पण क्लचच्या शिकवणीचं बिल परत मागणारं पत्र सर्व्हिस सेंटरला दिलंय, पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.

आणि चिरंजीव, माझे डोळे, कान, पाय तपासायचे असतील तर डॉक्टरकडे चला, मी एका पायावर तयार आहे. गाडी सोडायची वेळ माझ्यावरही येईल आणि त्या दिवशी किल्ली मी आपण होऊन तुमच्या हातात देईन. पण ती तपासणी डॉक्टर करतील, ज्याने गाडी उभी करून कॉम्प्युटर लावला तो अ‍ॅडव्हायझर नव्हे.

जुनी कॉईल मी टाकलेली नाही. टेबलाच्या खणात, वहीशेजारी ठेवली आहे. रबराची चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं, तेही तिथेच आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी पेणला घरी यावं. बुधवार आणि शनिवार सोडून, त्या दिवशी आम्ही रोह्याला असतो. पोहे होतीलच.